देहाचे जागते पहारेकरी

उत्तर अटलांटिक महासागरात, स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यान, फेरो नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. तेथील किनारे खडकाळ, हवा थंड व धुकट आणि समुद्र बहुधा खवळलेला. शिडाच्या गलबतांच्या काळात या बेटांवर बाहेरचा मनुष्य क्वचितच येई. १८४६ साली तेथे सुमारे ७,८०० लोक राहत होते. मेंढ्या पाळाव्या आणि मासे धरावे, असा त्यांचा साधा जीवनक्रम होता. त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या अखेरीस डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथून एक सुतार तेथे आला. बेटावर पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर गोवर उठला. पाहता पाहता तो रोग गावोगाव पसरला आणि काही महिन्यांच्या आत सहा हजारांहून अधिक माणसांनी अंथरूण धरले.

डेन्मार्कच्या सरकारने साथीची पाहणी करण्यासाठी दोन डॉक्टर पाठविले. त्यांपैकी पीटर लुडविग पॅनुम हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हिंडला. कोण कोणाच्या घरी केव्हा गेला होता, कोणाच्या अंगावर पुरळ कोणत्या दिवशी उठले, याची त्याने बारकाईने नोंद केली. त्या नोंदींतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. रोग्याशी संबंध आल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची होती. या बेटांवर गोवराची मागची साथ १७८१ साली, म्हणजे पासष्ट वर्षांपूर्वी येऊन गेली होती. त्या साथीत लहानपणी ज्यांना गोवर झाला होता, असे ९८ वृद्ध पॅनुमला भेटले. त्यांपैकी एकालाही या वेळी गोवर झाला नाही. उलट, ज्या वृद्धांना पूर्वी गोवर झाला नव्हता, त्यांना तो तरुणांप्रमाणेच झाला. तेव्हा हा काही वयाचा प्रताप नव्हता.

आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांनाही एवढे ठाऊक असे, की गोवर एकदा येऊन गेला म्हणजे पुन्हा सहसा येत नाही. पण असे का व्हावे? पासष्ट वर्षांत मनुष्य बालपणीच्या सवंगड्यांची नावे विसरतो. मग तापाच्या त्या आठ-दहा दिवसांची आठवण त्याच्या देहाने कोठे जपून ठेवलेली असते? पॅनुमपाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या उत्तराची सुरुवात रोगाच्या मुळापासून, म्हणजे विषाणूपासून होते.

विषाणू अतिशय सूक्ष्म असतो. गोवराचे विषाणू ओळीने मांडले, तर एका मिलिमीटरच्या रेषेवर पाच ते दहा हजार मावतील. त्याला तोंड नाही, पोट नाही, हालचालीसाठी अवयव नाहीत. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला एक संदेश, एवढेच त्याचे स्वरूप. स्वतःसारखे दुसरे विषाणू कसे तयार करावेत, याची माहिती त्या संदेशात असते. परंतु ते तयार करण्याची साधने विषाणूपाशी नसतात. ती असतात जिवंत पेशीपाशी. माणसाचा देह सुमारे तीस लक्ष कोटी पेशींचा बनलेला आहे आणि प्रत्येक पेशी म्हणजे जणू एक छोटा कारखाना आहे. विषाणू या कारखान्यात शिरतो आणि आपला संदेश तेथे सोडतो. भोळी पेशी तो संदेश मालकाचाच समजून कामाला लागते आणि एका विषाणूचे शेकडो विषाणू होतात.

अशा शत्रूंना अडविण्यासाठी निसर्गाने प्रथम तटबंदी उभारली आहे. अंगावरील कातडी, नाकातील केस, श्वासनलिकेतील चिकट द्रव ही ती तटबंदी होय. तिच्या आत रक्तातील पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. या पहाऱ्याचा शोध इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने लावला. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे तो तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांचे निरीक्षण करीत होता. एका अळीच्या अंगात त्याने बारीक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तो भटक्या पेशींनी त्या काट्याभोवती गराडा घातलेला! देहात शिरलेल्या परक्या वस्तूवर तुटून पडणाऱ्या व तिला गिळून टाकणाऱ्या या पेशींना भक्षकपेशी म्हणतात. या शोधाबद्दल मेचनिकॉव्हला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रस्त्यावर उघडपणे हिंडणारा चोर पहारेकऱ्याच्या हाती लवकर लागतो. पण चोर एखाद्या सभ्य गृहस्थाच्या घरात शिरला आणि आतून कडी लावून बसला, तर? विषाणू नेमके हेच करतो. तो आपल्याच पेशीत दडून बसतो. बाहेरून फिरणाऱ्या पहारेकऱ्याला आतले दिसत नाही. संशय येईल त्या प्रत्येक पेशीचा नाश करावा, तर देहच उद्ध्वस्त होईल. आणि कोणालाच हात लावू नये, तर विषाणू मोकाट सुटेल. लक्षावधी निरोगी पेशींमधून नेमकी विषाणूने ग्रासलेली पेशी कशी ओळखावी, हाच खरा पेच आहे.

या पेचातून सुटण्याच्या कामी पहिली मदत होते ती त्या ग्रस्त पेशीचीच. पेशीच्या आत काही प्रथिने सदैव टेहळणी करीत असतात. विषाणूच्या संदेशाची घडण पेशीच्या स्वतःच्या संदेशांहून थोडी निराळी असते. हा फरक या प्रथिनांच्या ध्यानी येताच पेशी धोक्याची सूचना देणारे एक द्रव्य बाहेर सोडते. १९५७ साली लंडन येथे ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी हे द्रव्य शोधून काढले. कोंबडीच्या अंड्यातील पातळ पापुद्र्याचे तुकडे त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेल्या इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूंसह द्रवात ठेवले. नंतर तोच द्रव पापुद्र्याच्या ताज्या तुकड्यांवर घातला. तेव्हा असे आढळले, की या ताज्या तुकड्यांमध्ये जिवंत विषाणूंची वाढ होईना. ग्रस्त पेशींनी सोडलेल्या द्रव्याने त्यांना आधीच सावध केले होते. या द्रव्यास इंटरफेरॉन असे नाव मिळाले. इंटरफेरॉनची सूचना मिळताच शेजारच्या पेशी आपली दारे-खिडक्या बंद करून घेतात, म्हणजे विषाणूची वाढ होण्यास लागणारी कामे मंद करतात. साथीच्या तापात अंग मोडून येते, डोके दुखते व थकवा वाटतो, त्याला हे द्रव्यही काही अंशी कारणीभूत असते. म्हणजे आजारपणाचे सगळेच त्रास शत्रूने दिलेले नसतात. काही बचावाच्या धामधुमीतून उद्भवतात.

दुसरी मदत याहूनही चतुराईची आहे. प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे नित्य आपल्या पृष्ठभागावर आणून मांडते. दुकानदाराने आत काय काय माल आहे, त्याचा नमुना फळीवर मांडून ठेवावा, तसेच हे असते. पेशी निरोगी असेल तेव्हा फळीवर केवळ घरचाच माल दिसतो. आत विषाणू शिरला असेल, तर त्याच्या प्रथिनांचे तुकडेही फळीवर येतात. दडलेल्या चोराचा अंगरखा खिडकीत वाळत पडावा आणि त्यावरून पहारेकऱ्याने चोर ओळखावा, तसा हा प्रकार होय.

हे रहस्य उलगडले ते ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे. पीटर डोहर्टी हा मूळचा पशुवैद्य आणि रोल्फ झिंकरनागेल हा स्वित्झर्लंडहून आलेला तरुण डॉक्टर, असे दोघे १९७३ च्या सुमारास एकाच प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग करीत होते. विषाणूशी झुंजलेल्या उंदराच्या अंगातील मारक पेशी त्यांनी काढल्या आणि विषाणूने ग्रासलेल्या पेशींसमोर ठेवल्या. त्या पेशी त्याच जातकुळीच्या उंदराच्या असतील, तर मारक पेशी त्यांचा नाश करीत. पण दुसऱ्या जातकुळीच्या उंदराच्या पेशी असल्या, तर त्यांच्यात तोच विषाणू असूनही मारक पेशी त्यांना स्पर्श करीत नसत. याचा अर्थ असा, की मारक पेशी एकाच वेळी दोन खुणा पाहते. फळी आपल्याच घरची आहे ना, ही पहिली खूण. आणि तिच्यावर परका तुकडा आहे काय, ही दुसरी. दोन्ही खुणा पटल्या म्हणजेच ती आपले काम करते. या शोधाबद्दल दोघांना १९९६ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

काही धूर्त विषाणू पेशीला ही फळीच मांडू देत नाहीत. पण त्याचीही तजवीज देहाने केली आहे. नैसर्गिक मारक पेशी नावाचे दुसरे पहारेकरी नेमकी फळी नसलेली घरे शोधत हिंडतात. जेथे नित्याचा नमुना मांडलेला नाही, तेथे काहीतरी काळेबेरे आहे, असे समजून ते त्या पेशीचा निकाल लावतात.

अशा बारकाईने पारख करणारे पहारेकरी तयार तरी कोठे होतात? त्यांचा जन्म हाडांच्या आतील मगजात होतो आणि शिक्षण छातीच्या मधल्या हाडामागे असणाऱ्या थायमस नावाच्या ग्रंथीत होते. म्हणूनच त्यांना टी-पेशी म्हणतात. या ग्रंथीचे महत्त्व १९६१ साली जॅक मिलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. तोपर्यंत ती निरुपयोगी समजली जात असे. प्रत्येक टी-पेशीला एका विशिष्ट आकाराचा तुकडा ओळखता येतो आणि कोट्यवधी पेशींची ओळखण्याची शक्ती निरनिराळी असते. या शाळेतील परीक्षा फार कडक आहे. जी पेशी घरच्या फळीची खूण ओळखत नाही, ती बाद होते. आणि जी घरच्याच मालाला परका समजून त्यावर चालून जाते, तीही बाद होते. बहुतेक पेशी या परीक्षेत टिकत नाहीत. ज्या उतरतात, त्यांनाच रक्तप्रवाहात प्रवेश मिळतो.

परंतु कोट्यवधी टी-पेशींपैकी गोवराचा तुकडा ओळखणाऱ्या पेशी अगदी थोड्या असतात. त्यांच्यापर्यंत वर्दी पोहोचावी कशी? हे काम शाखापेशी करतात. झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असणाऱ्या या पेशी १९७३ साली न्यूयॉर्क येथील राल्फ स्टाइनमन या शास्त्रज्ञाच्या नजरेस आल्या. त्या कातडीत आणि श्वासमार्गात दबा धरून बसतात. विषाणूचे अवशेष हाती लागताच ते घेऊन त्या जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात. पायाला जखम झाली असता जांघेत अवधाण येते किंवा घसा दुखत असता जबड्याखाली गाठी हाताला लागतात, त्या याच ग्रंथी होत. तेथे हजारो टी-पेशी शाखापेशीजवळून जातात, तिने मांडलेला तुकडा न्याहाळतात व पुढे सरकतात. अखेर जिला तो तुकडा नेमका जुळतो, ती पेशी थांबते. ती वाढू लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे होता होता तिची हजारो भावंडे तयार होतात. गाठ सुजते ती याच गर्दीमुळे.

ही सेना उभी राहण्यास एक-दोन आठवडे लागतात. पॅनुमने मोजलेल्या तेरा-चौदा दिवसांचा अर्थ आता ध्यानी येईल. तितके दिवस विषाणू देहात गुपचूप वाढत असतो. पुढे टी-पेशींचे थवे कातडीच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात आणि तेथील ग्रस्त पेशींवर हल्ला करतात. गोवराचे लाल पुरळ म्हणजे त्या रणधुमाळीच्या खुणा होत. ज्या मुलांच्या टी-पेशी दुर्बळ असतात, त्यांच्या अंगावर कधी कधी पुरळ उठतच नाही, आणि त्यांचाच आजार अधिक घातक ठरतो.

टी-पेशींप्रमाणे बी-पेशी नावाचे दुसरे दल लसिका ग्रंथींमध्ये सज्ज होते. या पेशी प्रत्यक्ष झुंजत नाहीत. त्या शस्त्रे तयार करतात. बेचकीच्या आकाराच्या या सूक्ष्म शस्त्रांना प्रतिपिंडे म्हणतात. पूर्ण तयार झालेली एक पेशी दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडते. प्रतिपिंडे बाहेर फिरणाऱ्या विषाणूंना चिकटतात आणि त्यांना नव्या पेशीत शिरू देत नाहीत. घरात दडलेल्याचा निकाल टी-पेशींनी लावावा आणि रस्त्यावरच्याला प्रतिपिंडांनी अडवावे, अशी ही कामाची वाटणी आहे. काही मुलांच्या अंगी जन्मतःच प्रतिपिंडे तयार करण्याची शक्ती नसते. अशी मुलेही गोवरातून बहुधा इतर मुलांप्रमाणेच बरी होतात, कारण त्यांच्या टी-पेशी शाबूत असतात.

शत्रू हटल्यावर सैन्याने घरी परतावे लागते. नाहीतर तेच प्रजेला जड होते. यासाठी देहात नियामक टी-पेशी असतात. त्या लढणाऱ्या पेशींना आवरतात आणि स्वकीयांवर शस्त्र उगारू देत नाहीत. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी दाखवून दिल्या. पुढे अमेरिकेतील मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या संशोधनाची त्यास जोड मिळाली आणि २०२५ साली तिघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

लढाई संपली म्हणजे बहुतेक सैनिक पेशी मरून जातात. पण थोड्या मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. काही बी-पेशी हाडांच्या मगजात मुक्काम करतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी प्रतिपिंडे रक्तात सोडत राहतात. तोच विषाणू पुन्हा आला, तर त्याची ओळख पटविण्यात दिवस दवडावे लागत नाहीत. रोग डोके वर काढण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त होतो. फेरो बेटांवरील वृद्धांचा देह पासष्ट वर्षांपूर्वीची ओळख विसरला नव्हता, तो याच पेशींमुळे. इन्फ्ल्युएंझाचा विषाणू आपले बाह्य रूप वरचेवर बदलतो, म्हणून तो एकदा येऊन गेला तरी पुन्हा गाठतो. गोवराच्या विषाणूस मात्र आपले रूप फारसे बदलता येत नाही; म्हणून त्याची एकदा पटलेली ओळख जन्मभर उपयोगी पडते.

मग प्रत्येकाला लहानपणीच गोवर येऊन गेलेला बरा, असे कोणास वाटेल. पण ही समजूत घातक आहे. गोवराचा विषाणू प्रथम हल्ला करतो तो पहारेकऱ्यांवरच. त्याच्या तडाख्यात इतर रोगांच्या स्मृती जपणाऱ्या पेशीही नष्ट होतात. नेदरलंड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासण्यात आले. २०१९ साली त्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पूर्वी असलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. गोवराची आठवण राहते, पण तिच्यासाठी इतर अनेक आठवणी गमवाव्या लागतात. गोवर बरा झाल्यावरही पुढे बराच काळ मुले दुसऱ्या रोगांना बळी पडतात, ती यामुळे.

आजार न भोगता स्मृती मिळविण्याचा मार्ग म्हणजे लस. १९५४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी गोवर झालेल्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून विषाणू वेगळा केला. प्रयोगशाळेत वाढवून वाढवून त्याचे बळ कमी करण्यात आले आणि १९६३ साली त्यापासून लस तयार झाली. लशीतील दुबळा विषाणू रोग उत्पन्न करू शकत नाही, पण पहारेकऱ्यांना आपला चेहरा मात्र दाखवितो. त्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे गोवराने दगावत असत. २०२३ साली ही संख्या सुमारे १ लाख ७ हजारांवर आली. त्यांतही बहुतेक पाच वर्षांखालील बालके होती आणि त्यांना लस मिळालेली नव्हती.

भारतात ही लस बालकास नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. नऊ महिन्यांहून लहान असलेल्या तान्ह्या बाळाचे रक्षण कोण करणार? त्याचे पहारेकरी अजून शिकाऊ असतात, आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडे हळूहळू संपत आलेली असतात. अशा बाळाचे रक्षण त्याच्या भोवतालची माणसे करतात. गावातील शंभरांपैकी पंचाण्णव जणांच्या देहात गोवराची स्मृती जागी असेल, तर विषाणूला पाय ठेवण्यास घर सापडत नाही आणि पाळण्यातील बाळापर्यंत त्याची वाट पोहोचत नाही. एकाच्या देहातील पहारेकरी अशा रीतीने नकळत दुसऱ्याच्या दारावरही पहारा देत असतात.